घरून काम मागताना: आधी कागद, मग कायदा

'येत्या एक तारखेपासून सर्व कर्मचाऱ्यांनी आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात हजर राहावे.' असा मेल आला की ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला प्रश्न ठरलेला असतो: कंपनी असं करू शकते का? बहुतेक वेळा उत्तर 'हो' असतं. भारतात खासगी नोकरदाराला घरून काम करण्याचा सरसकट हक्क देणारा कायदा नाही. महाराष्ट्रातही नाही, गोव्यातही नाही. मात्र काही ठिकाणी कायदा तुमच्या बाजूने थोडा झुकतो, काही ठिकाणी कंपनीला तडकाफडकी बदल करण्यापासून अडवतो, आणि बाकी सगळं तुमच्याकडे कोणता कागद आहे यावर ठरतं. नव्याने नोकरीला लागलेल्यांना हा शेवटचा भाग कोणी सांगत नाही, म्हणून या लेखात त्यालाच जास्त जागा दिली आहे.

एक गैरसमज आधी बाजूला ठेवू. २०२० आणि २०२१ मध्ये लाखो लोक घरून काम करत होते, ते आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ आणि साथरोग कायदा १८९७ यांखाली निघालेल्या आदेशांमुळे. एप्रिल २०२१ च्या 'ब्रेक द चेन' आदेशांनी महाराष्ट्रातली बहुतेक खासगी कार्यालयं बंद केली होती. ते आदेश साथीबरोबर संपले. 'तेव्हा चालत होतं, मग आता का नाही' हा युक्तिवाद मॅनेजरसमोर चालू शकतो, कोर्टात एकट्याच्या जिवावर तो टिकत नाही.

पायरी १: कागद काढा आणि 'कामाचे ठिकाण' हे कलम शोधा

ऑफर लेटर, अपॉइंटमेंट लेटर, कंपनीची हायब्रिड पॉलिसी (काही दिवस ऑफिसातून, काही दिवस घरून कामाचं धोरण), आणि मुलाखतीच्या वेळी एचआरने पाठवलेले मेल. चारही एका फोल्डरमध्ये, तेही स्वतःच्या लॅपटॉपवर. कंपनीच्या ड्राइव्हवर ठेवलेली प्रत नोकरी सुटते त्या दिवशी तुमच्या हातून जाते. मात्र फक्त स्वतःच्या नोकरीचे कागद ठेवा. ग्राहकाची किंवा प्रोजेक्टची फाईल वैयक्तिक मेलवर पाठवलीत, तर गोपनीयतेच्या कलमाखाली तुम्हीच अडकाल.

आता अपॉइंटमेंट लेटर सावकाश वाचा. कामाच्या ठिकाणाचं कलम साधारण तीन तऱ्हांचं असतं.

पहिली आणि सर्वांत जास्त दिसणारी तऱ्हा: 'आपले कामाचे ठिकाण पुणे राहील, तथापि कंपनीच्या गरजेनुसार आपली बदली भारतातील वा भारताबाहेरील कोणत्याही कार्यालयात होऊ शकते.' यावर सही केली असेल, तर उद्या ऑफिसात बोलावलं म्हणून करार मोडला असं म्हणता येत नाही. घरून काम ही अशा नोकरीत कंपनीने दिलेली सवलत असते.

दुसरी तऱ्हा फसवी असते. 'आपली भूमिका सध्या हायब्रिड स्वरूपाची आहे, कंपनीच्या धोरणाच्या अधीन राहून.' यातला 'सध्या' आणि 'अधीन' हे दोन शब्द संपूर्ण वाक्य पोकळ करतात. पॉलिसी उघडून पाहिली तर शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असतंच, की हे धोरण कंपनी कधीही आणि पूर्वसूचनेशिवाय बदलू शकते.

तिसरी तऱ्हा दुर्मीळ, पण तीच हवी: 'कर्मचाऱ्याचे कामाचे मूळ ठिकाण नाशिक येथील राहते घर असेल. यात बदल करावयाचा झाल्यास किमान ९० दिवसांची लेखी सूचना दिली जाईल.' असं कलम असेल तर घरून काम हा तुमच्या नोकरीच्या अटींचा भाग झाला. ती अट एकतर्फी बदलणं म्हणजे करार मोडणं.

हे कलम मागायची वेळ एकच, ऑफर आल्यावर आणि स्वीकारण्याआधी. त्या चार-सहा दिवसांत तुमचं वजन जेवढं असतं, तेवढं नंतर अप्रेझलच्या महिन्यातही नसतं. नवखी मुलं पगाराच्या आकड्यावर घासाघीस करतात, आणि ठिकाणाबद्दल मात्र एचआरचं फोनवरचं 'डोन्ट वरी, वी आर व्हेरी फ्लेक्झिबल' ऐकून समाधान मानतात. फोन ठेवल्यावर लगेच एक मेल टाका: 'आपल्या आजच्या बोलण्यानुसार आठवड्यातून दोन दिवस कार्यालयात येणं अपेक्षित आहे असं मी समजतो. यात काही चूक असल्यास कृपया कळवावे.' उत्तर 'बरोबर' असं आलं तर ते जपून ठेवा. गोलमोल आलं, तर सहीआधीच काय ते समजलं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत, आणि त्यांनुसार प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तीपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे. छोट्या स्टार्टअपमध्ये 'लेटर नंतर देतो' असं सांगून सहा-सहा महिने काढतात. ते चालवून घेऊ नका. ज्याच्याकडे पत्रच नाही, त्याच्या कामाच्या ठिकाणाचा वाद सुरू होण्याआधीच संपलेला असतो.

पायरी २: तुम्ही कायद्याच्या भाषेत 'कामगार' आहात का?

पदाच्या नावावरून हे ठरवू नका. कार्डावर 'असिस्टंट मॅनेजर' छापलेलं असलं आणि दिवसभर तुम्ही कोड लिहीत असाल किंवा ग्राहकांची तिकिटं सोडवत असाल, तर प्रत्यक्ष काम कोणतं हे पाहिलं जातं. औद्योगिक संबंध संहितेत तांत्रिक, कारकुनी, कुशल, अकुशल काम करणारा 'कामगार' आहे, आणि अशा कामाला पगाराची वरची मर्यादा नाही. महिना दीड लाख घेणारा प्रोग्रामरही त्या व्याख्येत बसू शकतो. बाहेर राहतात ते मुख्यत्वे व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारे, आणि देखरेखीचं काम करून महिना १८,००० रुपयांपेक्षा जास्त वेतन घेणारे. टीम लीडचं गाडं इथेच अडतं. तो सुट्ट्या मंजूर करतो का, अप्रेझल देतो का, की नावालाच लीड आहे, यावर वाद होतो.

हे कळून फायदा काय? कामगार असाल तर सेवाशर्ती बदलण्याआधी सूचना मिळण्याचा हक्क, तक्रार निवारण समिती आणि कामगार आयुक्तांचं दार, हे सगळं उघडतं. नसाल तर तुमचं नातं साध्या कराराचं. करार मोडला म्हणून दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाई मागता येते. पण वैयक्तिक सेवेचा करार पाळायला न्यायालय सहसा कंपनीला भाग पाडत नाही, विशिष्ट अनुतोष कायद्याचं ते जुनं तत्त्व आहे. म्हणजे सिनियर मॅनेजरला कोर्टाकडून 'घरूनच काम करू द्या' असा हुकूम मिळणं जवळजवळ अशक्य. त्याने लढायचं ते ऑफर लेटरच्या वेळीच.

हिंजवडी, खराडी, ऐरोली भागांतल्या एसईझेडमधल्या, म्हणजे करसवलतीच्या विशेष आर्थिक क्षेत्रांतल्या, लोकांसाठी एक वेगळी गोष्ट. एसईझेड नियमांत जुलै २०२२ मध्ये ४३अ हा नियम आला. आधी निम्म्या कर्मचाऱ्यांपर्यंतच घरून कामाची मुभा होती, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती सगळ्यांपर्यंत वाढवली. पण ही मुभा कंपनीच्या युनिटला आहे, कर्मचाऱ्याला नाही. कराची सवलत घेणाऱ्या जागेतून लॅपटॉप बाहेर नेता यावा, एवढ्यासाठी ती होती. 'सरकारने एसईझेडला परवानगी दिली आहे' असं एचआरला सुनावून काही मिळत नाही. उलट एचआर 'एसईझेडचे नियम आहेत, यावंच लागेल' म्हणत असेल, तर कोणता नियम, हे नम्रपणे लेखी विचारा. पुष्कळदा तो नियम क्लायंटच्या करारातला निघतो.

पायरी ३: कायदा थेट हात देतो ती दोन दारं

*बाळंतपणानंतर.* मातृत्व लाभ कायद्यात २०१७ ला दुरुस्ती झाली, तेव्हा रजा २६ आठवड्यांची झाली आणि घरून कामाचा उल्लेख प्रथमच आला. आता तीच तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. कामाचं स्वरूप घरून करण्याजोगं असेल, तर मातृत्व रजा संपल्यावर मालक तिला घरून काम करू देऊ शकेल, किती काळ आणि कोणत्या अटींवर ते दोघांनी ठरवायचं. 'देऊ शकेल' असं आहे, 'देईल' असं नाही. २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयासमोर एका संशोधन संस्थेतल्या कर्मचारी महिलेचं प्रकरण आलं, तेव्हाही न्यायालयाने हेच धरलं: काम घरून होण्यासारखं असेल तरच ही तरतूद लागू.

तरीही मी या कलमाला कमी लेखणार नाही. एक तर रजेआधी वर्षभर तुम्ही तेच काम आठवड्यातून तीन दिवस घरून करत होता, हे लॉगिनच्या नोंदींवरून दिसत असेल, तर 'कामाचं स्वरूप तसं नाही' हे म्हणणं कंपनीला जड जातं. दुसरं, कायद्यात नाव असलेली मागणी आणि नुसती विनंती यांना एचआर वेगवेगळ्या फाईलमध्ये टाकतो. अर्जात कलमाचा उल्लेख असला की तो बहुधा लीगलकडे जातो, आणि लीगलला लेखी नकार द्यायला कारण शोधावं लागतं.

या तरतुदीला जोडून आणखी काही मागता येतं, आणि ते अधिक पक्कं आहे. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावं लागतं. इथे 'देऊ शकेल' नाही, बंधन आहे. कंपनीत पाळणाघर नसेल तर घरून कामाच्या अर्जात ही गोष्ट सौम्य शब्दांत जरूर लिहा. वाटाघाटीत याच्याइतकं उपयोगी वाक्य क्वचित सापडेल.

गरोदरपणात मात्र ही तरतूद लागू नाही, ती रजेनंतरचीच आहे. डॉक्टरांनी बेड रेस्ट सांगितली असेल, तर गरोदरपणातून उद्भवलेल्या आजारासाठी एक महिन्यापर्यंतची जादा पगारी रजा वेगळी मिळते, ती मागा. वडिलांसाठी खासगी क्षेत्रात कायद्याने काहीच नाही, जे असेल ते पॉलिसीत.

*दिव्यांगत्व असेल तर.* दिव्यांग व्यक्तींचे हक्क कायदा २०१६ मध्ये 'वाजवी सोयीसवलत' ही कल्पना आहे: मालकावर अवाजवी बोजा न पडता कामात किंवा जागेत करता येण्याजोगा योग्य तो बदल. अशी सोय नाकारणं हा भेदभावाचाच प्रकार, असं कायद्याच्या व्याख्येत म्हटलं आहे. सरकारी आस्थापनांवर सोय देण्याचं बंधन स्पष्ट शब्दांत आहे. खासगी कंपनीसाठी भाषा तितकी थेट नाही, पण समान संधी धोरण जाहीर करणं तिलाही भाग आहे. पहिलं काम म्हणून ते धोरण एचआरकडून मागून घ्या. कित्येक ठिकाणी ते कधी लिहिलेलंच नसतं, आणि तुमच्या मेलनंतर घाईघाईने लिहिलं जातं.

व्हीलचेअरवरच्या माणसाला हिंजवडीच्या वाहतुकीतून रोज दोन-दोन तास काढायला लावणं आणि तेच काम घरून जसंच्या तसं होत असणं, असं प्रकरण मजबूत असतं. कायद्याच्या यादीत दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. दृष्टी आणि हालचालींबरोबर मानसिक आजार, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, सिकलसेल, थॅलेसेमियाही त्यात येतात. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढून ठेवा, नुसत्या डॉक्टरच्या चिठ्ठीपेक्षा त्याला मान जास्त. साधी पाठदुखी, मणक्यातली गॅप, मायग्रेन यांना मात्र हे दार उघडत नाही. तिथे वैद्यकीय कारणाचा साधा अर्ज आणि मॅनेजरची माणुसकी.

पायरी ४: अर्ज लिहा

तोंडी मागू नका आणि चॅटवर तर मुळीच नको. मेल मॅनेजरला, प्रत एचआरला. मेल बहुधा इंग्रजीत जाईल, आशय असा असावा:

'महोदय/महोदया,
मी [दिनांक] पासून [विभाग] येथे कार्यरत आहे. माझ्या कामापैकी अमुक-अमुक भाग पूर्णपणे ऑनलाइन होतो. गेल्या सहा महिन्यांत मी आठवड्यातून तीन दिवस घरून काम केले असून त्या काळातील कामाचा तपशील सोबत जोडला आहे.
[कारण: एक किंवा दोन वाक्ये.]
तरी मला [दिनांक] पासून तीन महिन्यांसाठी सोमवार, बुधवार, शुक्रवार घरून काम करण्याची परवानगी मिळावी. मंगळवार व गुरुवारी मी कार्यालयात हजर राहीन. ग्राहकाच्या भेटीसाठी दोन दिवस आधी कळविल्यास अन्य दिवशीही येईन. तीन महिन्यांनंतर आपण मिळून आढावा घेऊ.
परवानगी देणे शक्य नसल्यास कारण कृपया लेखी कळवावे.'

यातल्या काही गोष्टी मुद्दाम आहेत. मुदत घातली आहे, कारण 'कायमचं' मागितलं की मॅनेजर घाबरतो, आणि तीन महिन्यांचं मान्य करायला त्याला वरची सही सहसा लागत नाही. वार सांगितले आहेत, कारण 'फ्लेक्झिबल' या शब्दाचा अर्थ प्रत्येक जण आपल्या सोयीने लावतो. आणि शेवटचं वाक्य गाळू नका. लेखी कारण द्यायचं म्हटलं की निम्मे नकार मवाळ होतात.

कारण थोडक्यात लिहा. सासूबाईंचं ऑपरेशन, मुलाची शाळा, घरमालकाने वाढवलेलं भाडं, हे सगळं एका अर्जात कोंबलं की मुख्य मुद्दा हरवतो. वैद्यकीय कारण असेल तर निदानाचं नाव मॅनेजरला सांगायची गरज नाही, प्रमाणपत्र एचआरला वेगळं पाठवता येतं.

परवानगी मिळाली तर तीही लेखी हवी. मॅनेजर म्हणेल, 'अरे, कशाला मेल, मी आहे ना.' तो आहे तोवर ठीक. मॅनेजर बदलतात, प्रोजेक्ट बदलतात, आणि नवा माणूस स्वाइपचा (दारावरच्या कार्ड-हजेरीचा) रिपोर्ट काढून विचारतो की महिन्याला आठच दिवस कसे.

पायरी ५: अचानक बोलावलं, किंवा नकार आला

सगळ्यात मोठी चूक इथे होते: रागाने घरी बसून राहणं. ऑफिसला या असा लेखी आदेश आला असेल आणि तुमच्या हातात तिसऱ्या तऱ्हेचं कलम नसेल, तर हजर राहा, आणि हरकत लेखी नोंदवा. 'आदेशाचे पालन करीत आहे, परंतु माझ्या सेवाशर्तींत झालेल्या या बदलास माझी हरकत आहे आणि माझे हक्क मी राखून ठेवतो' एवढं पुरतं. गैरहजर राहिलात तर कंपनी दोन-तीन पत्रं पाठवते आणि मग 'आपण स्वतःहून नोकरी सोडली' असं धरते. असं परस्पर धरून चालत नाही, चौकशी आणि बाजू मांडायची संधी द्यावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच सांगितलं आहे. पण तो निकाल उपयोगी पडेपर्यंत तुमची काही वर्षं आणि रिलीव्हिंग लेटर दोन्ही गेलेलं असतं.

कामगाराच्या व्याख्येत बसत असाल तर एक धागा आहे. पूर्वीच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या ९अ कलमात होतं तेच आता औद्योगिक संबंध संहितेत आहे: ठरावीक सेवाशर्ती बदलायच्या तर मालकाने २१ दिवस आधी नोटीस द्यायची. त्या यादीत कामाचे तास आणि पाळ्या आहेतच, शिवाय 'रूढ सवलत काढून घेणे किंवा वहिवाटीत बदल' असाही प्रकार आहे. तीन-चार वर्षं सगळ्या विभागाला आठवड्यातून तीन दिवस घरून काम चालू होतं, तर ती रूढ सवलत झाली का? असा युक्तिवाद करता येतो आणि तो पोकळ नाही. पण कंपनीकडे 'धोरण कधीही बदलू शकतो' ही ओळ असेल तर तीही पुढे येणार. यातून कंपनीला फार तर २१ दिवस थांबावं लागतं, बदल कायमचा रोखला जात नाही. तरी मुलांची सोय लावायला, गावाहून परत येऊन खोली शोधायला तीन आठवडे मिळणं ही लहान गोष्ट नाही.

२० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी तक्रार निवारण समिती असावी लागते. तिच्याकडे वर्षाच्या आत अर्ज करता येतो आणि तिने ३० दिवसांत निकाल द्यायचा असतो. तिथे मुख्य मुद्दा समान वागणुकीचा मांडा. सबंध टीमला परवानगी आणि एकट्या तुम्हाला नकार, तेही तुम्ही एखादी तक्रार केल्यानंतर, हे नुसत्या 'मला घरून काम हवं' याच्यापेक्षा कितीतरी भारी प्रकरण आहे.

त्यापुढचं दार म्हणजे कामगार आयुक्तांचं कार्यालय. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातलं कामगार भवन, पुण्यात अपर कामगार आयुक्त. तिथला अधिकारी कंपनीला बोलावून समेट घडवायचा प्रयत्न करतो. आयटीवाल्यांनी त्या जिन्यावर पाऊल ठेवायचं नाही असा एक विचित्र संकोच आपल्याकडे आहे, जणू ते फक्त कारखान्यातल्यांसाठी असतं. दिव्यांगत्वाशी संबंधित तक्रार असेल तर दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे.

घरून काम मिळालं, तरी हे हक्क उंबऱ्याबाहेर राहत नाहीत

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा २०१७ नुसार आठवड्याला ४८ तास ही कामाची मर्यादा आहे आणि जादा कामाला दुप्पट दर. घरी बसून काम केलं म्हणून ही मर्यादा वितळत नाही. अडचण पुराव्याची. ऑफिसात स्वाइप असतो, घरी रात्री साडेदहाचा 'क्विक कॉल' कुठेच नोंदला जात नाही. एक साधी वही किंवा एक्सेल ठेवा, रोजचे तास लिहा. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क अजून आपल्याकडे नाही. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी त्यासाठी २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं. मात्र खासगी विधेयकाचा कायदा झाला, असं शेवटचं घडलं ते १९७० मध्ये, तेव्हा त्यावर विसंबून मॅनेजरचा फोन कापू नका.

लैंगिक छळाविरोधी कायदा २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत राहतं घरही येतं. व्हिडिओ कॉलवरची शेरेबाजी, रात्रीचे खासगी मेसेज, कॅमेरा चालू ठेवण्याचा विशिष्ट बाईलाच केलेला आग्रह, हे सगळं कंपनीतल्या अंतर्गत समितीकडे (अशा तक्रारी ऐकणारी समिती) नेता येतं. मुदत तीन महिन्यांची आहे, आणि सबळ कारण असेल तर समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते. स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा.

इंटरनेट, वीज, खुर्ची यांचे पैसे कंपनीने दिलेच पाहिजेत असं कोणतंही कलम दाखवता येत नाही. पॉलिसीत असेल तर मिळतं, नसेल तर मागून पाहायचं. लाइट गेली आणि दोन तास काम थांबलं, तर त्याच क्षणी मेल टाका. गावाकडून काम करणाऱ्यांनी तर इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचं डोंगल यांचा खर्च पगारातून वजाच धरावा.

परदेशात गेलेल्यांनी एक लक्षात ठेवा: तिथेही चित्र वाटतं तितकं वेगळं नाही. ब्रिटनमध्ये ६ एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लवचीक कामाची (वेगळे तास किंवा घरून काम) मागणी करता येते, वर्षातून दोनदा. मालकाने नकार देण्याआधी तुमच्याशी चर्चा करायची आणि दोन महिन्यांत निर्णय द्यायचा. पण कायद्यात दिलेल्या आठ व्यावसायिक कारणांपैकी एकावर तो नकार देऊ शकतो. नेदरलँड्समध्ये घरून कामाचा हक्क बळकट करणारं विधेयक कनिष्ठ सभागृहातून पार पडलं, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये वरिष्ठ सभागृहाने फेटाळलं. पुण्याहून ऑनसाइट जाणाऱ्यांनी हेही पाहावं की आपला करार तिथल्या कंपनीशी आहे की इथल्या. पगार कुठून येतो आणि करारावर कोणत्या देशाचा कायदा लिहिला आहे, यावर पुढचं बरंच ठरतं.

शेवटी, जमलंच नाही आणि राजीनामा द्यायची वेळ आली, तर नोटीस पीरियड घरून काढायची परवानगी लेखी घ्या. लॅपटॉप कुरिअरने परत करणार असाल तर पॅक करण्याआधी चालू स्थितीतला फोटो, सिरियल नंबर आणि कुरिअरची पावती ठेवा. लॅपटॉप तुमच्या निष्काळजीपणामुळे बिघडला किंवा हरवला, तरच पगारातून कापता येतं, तेही तुमचं म्हणणं ऐकून घेतल्यावर. वेतन संहितेनुसार राजीनाम्यानंतर देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं असतं. एचआर 'आमच्याकडे फुल अँड फायनलला (शेवटच्या हिशेबाला) ४५ दिवस लागतात' म्हणेल. त्या मेलला उत्तर देताना संहितेचं नाव घ्या आणि शेवटच्या दिवसाची तारीख लिहा.